नाव सासरचं, कागद फौजेचा : माजी सैनिक संघटनांचं न दिसणारं काम

सातारा : 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि 26 जुलैचा कारगिल विजय दिवस. या तीन दिवशी गावातले माजी सैनिक सगळ्यांना दिसतात. छातीवर मेडल, डोक्यावर टोपी, ग्रामपंचायतीसमोर रांगेत उभे. फोटो निघतात, स्टेटसला लागतात आणि दुसऱ्या दिवशी गाव आपापल्या कामाला लागतं. संघटनेचं खरं काम सुरू होतं ते त्या दुसऱ्या दिवशी. एखाद्या म्हातारीच्या पिशवीतून जुनं डिस्चार्ज बुक बाहेर निघतं आणि त्यातलं नाव तिच्या आधार कार्डाशी जुळत नाही, हे कुणाच्या तरी लक्षात येतं.

सातारा जिल्ह्यात फौजेची परंपरा नवी नाही. सातारा तालुक्यातल्या आपशिंगे गावाला तर लोक 'मिलिटरी आपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने गावात स्मृतिस्तंभ उभारला. कराडला दर डिसेंबरला 1971 च्या विजयाचा विजय दिवस समारोह होतो, त्याला अख्ख्या जिल्ह्यातून माणसं जातात. माण, खटाव, कोरेगाव या कमी पावसाच्या तालुक्यांत तर 'एक पोरगा शेतीत, एक फौजेत' हा घराघरातला जुना हिशोब. साहजिकच गावोगावी निवृत्त जवान आहेत. त्यांना गाव सरसकट 'मेजर' म्हणतं, पद नाईकाचं असो की हवालदाराचं. बऱ्याच मोठ्या गावांत आणि प्रत्येक तालुक्याला त्यांची एखादी तरी संघटना असते.

या संघटना नेमकं करतात काय, हे गावातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ज्यांच्या घरात कुणी फौजेत होतं, त्यांना तर ते माहीत असायलाच हवं.

तांदळावर लिहिलेलं नाव

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत आहे. माहेरची सुमन सासरी येऊन लक्ष्मी होते. गावाला ती लक्ष्मी म्हणून माहीत, रेशन कार्डावर लक्ष्मी, पण शाळेच्या दाखल्यावर सुमनच राहिलेली. आधार कार्ड काढताना जो दाखला हाताशी होता, त्यावरचं नाव लागलं. आणि नवरा सुट्टीवरून पलटणीत परत गेल्यावर त्यानं लग्नाची नोंद केली, तेव्हा त्याच्या तोंडात जे नाव होतं ते फौजेच्या कागदावर चढलं. तेही इंग्रजीत, आणि मराठी नावाशी कधी संबंध न आलेल्या कारकुनाच्या हातानं. हौसाबाईचं कुठे 'होसाबाई' झालं, कुठे 'बाई' गळून नुसतं 'हौसा' राहिलं.

नवरा आहे तोवर यानं काहीच बिघडत नाही. पेन्शन त्याच्या नावावर येते, कँटीनचं कार्ड चालतं, सगळं व्यवस्थित. प्रश्न उभा राहतो तो गेल्यावर. फॅमिली पेन्शनसाठी बायकोनं अर्ज केला की पहिली तपासणी हीच होते : अर्ज करणारी बाई आणि फौजेच्या नोंदीतली बायको एकच आहे का? नावात फरक, जन्मतारखेत फरक, की अर्ज परत. चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला, त्याची बायको आपणच हे सिद्ध करायची वेळ त्या बाईवर येते. तेराव्याचा खर्च डोक्यावर असतो, नवऱ्याच्या खात्यात येणारी पेन्शन थांबलेली असते आणि तिची सुरू झालेली नसते. मधले हे महिने कसे जातात, ते ज्या घरानं काढलेत त्यालाच विचारावं.

संघटनेतला जाणता माणूस इथे उपयोगी पडतो. तो कुठे लिहायचं ते सांगतो. प्रत्येक जवानाची मूळ नोंद त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयात असते, ज्याला सगळे 'रेकॉर्ड ऑफिस' म्हणतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, सिग्नलचं जबलपूरला. लग्न, मुलांचा जन्म, नावातली दुरुस्ती अशा घरगुती नोंदी ज्या आदेशानं चढतात त्याला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. जुने फौजी हा शब्द पाठ असल्यासारखा वापरतात, पण घरच्या बायकांना तो कधी कुणी समजावून सांगितलेला नसतो.

दुरुस्तीसाठी साधारणपणे दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र, आधार, लग्नाचा दाखला किंवा ग्रामपंचायतीची नोंद, आणि गरजेप्रमाणे नावबदलाची राजपत्रातली किंवा वर्तमानपत्रातली जाहिरात लागते. रेकॉर्ड ऑफिसगणिक यादी थोडी बदलते, म्हणून आधी पत्र पाठवून यादी मागवावी. हा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला की त्याला वजन येतं. तिथून नोंद दुरुस्त झाली की पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, दुरुस्त होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हेच काम नवरा जिवंत असताना केलं तर फार सोपं जातं. त्याची सही असते, 'हीच माझी बायको' असं सांगायला तो स्वतः असतो. म्हणून चांगल्या संघटना माणूस गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच घरोघरी कागद तपासत फिरतात. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन आणि बँक पासबुक ही पाच कागदं शेजारी शेजारी ठेवायची आणि बायकोचं नाव व जन्मतारीख अक्षरागणिक ताडून बघायची. दहा मिनिटांचं काम. कितीतरी घरांत ते कधीच झालेलं नाही.

जन्मतारखेचा मुद्दा बायकांच्या बाबतीत विसरला जातो. पेन्शनदार किंवा फॅमिली पेन्शन घेणारी बाई 80 वर्षांची झाली की मूळ पेन्शनमध्ये 20 टक्के वाढ मिळते, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरी गाठली तर 100 टक्के. पण नोंदीत तिची जन्मतारीखच नसेल, तर ती 80 ची झाली हे यंत्रणेला कळणार कसं? जुन्या पीपीओवर बायकोची जन्मतारीख नसणं ही नेहमीचीच गोष्ट आहे. आपल्या घरात अशी आजी असेल तर हा कागद आजच काढून बघावा.

आणखी एक नोंद लोक लाजेनं टाळतात. घरात दिव्यांग मूल असेल आणि ते कमवू शकत नसेल, तर आईवडिलांच्या पश्चात त्याला आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि नोंद आईवडील असतानाच झालेली बरी. मागे राहिलेल्या भावाबहिणींना नंतर हे जमवताना फार त्रास होतो.

बाईला मिळतं किती?

यावरही गावात बरेच गैरसमज आहेत. निवृत्त होऊन घरी आलेला जवान आजारपणानं किंवा म्हातारपणानं गेला, तर बायकोला साधी फॅमिली पेन्शन मिळते. ती शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के. जवान तुलनेनं लवकर गेला असेल तर सुरुवातीला 50 टक्के दर लागू होतो. तो मृत्यूनंतर 7 वर्षं, किंवा जवानाचं वय 67 झालं असतं तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तिथवर. त्यानंतर 30 टक्के. सात वर्षांनी अचानक पेन्शन कमी झाली म्हणून बायका घाबरून संघटनेकडे येतात, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं. कुणी पैसे खाल्लेले नसतात.

सेवेत असताना सेवेशी निगडित कारणानं मृत्यू झाला तर विशेष फॅमिली पेन्शन 60 टक्के. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना वीरमरण आलं तर उदारीकृत पेन्शन, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकी पूर्ण रक्कम. साधी फॅमिली पेन्शनही महिना 9 हजारांच्या खाली येत नाही आणि त्यावर महागाई भत्त्याची वाढ वेगळी. 'वन रँक वन पेन्शन' 1 जुलै 2014 पासून लागू आहे, दर 5 वर्षांनी तिचा फेरआढावा होतो आणि तिचा फायदा फॅमिली पेन्शनलाही मिळतो. फरकाची रक्कम आली का, हे पासबुकात बघायला हरकत नाही.

'स्पर्श'चा फटका

पूर्वी पेन्शन बँकेतून यायची. बँकेतला साहेब ओळखीचा असायचा, नोव्हेंबरात एकदा जाऊन रजिस्टरवर अंगठा दिला की वर्षभर चिंता नव्हती. आता संरक्षण खात्याची पेन्शन 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन यंत्रणेतून थेट खात्यात येते आणि तिचा कारभार प्रयागराजच्या कार्यालयातून चालतो. यंत्रणा वाईट नाही, घरबसल्या पगारपत्रक दिसतं. पण ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्याला युजर आयडी, पासवर्ड आणि ओटीपी या तीन गोष्टी सांभाळायला लावणं म्हणजे त्याला नवीन भाषा शिकवण्यासारखं आहे. जुन्या नोंदी नव्या यंत्रणेत चढवताना काही चुकाही आल्या. कुणाच्या बायकोचं नाव रिकामं, कुणाची जन्मतारीख चुकीची.

इथे गावातल्या तरुण माजी सैनिकांनी, म्हणजे चाळिशीत घरी आलेल्यांनी, बरंच ओझं उचललंय. मोबाइलवर हयातीचा दाखला, म्हणजे 'जीवन प्रमाण', चेहरा दाखवून काढता येतो. ही सोय 2021 च्या नोव्हेंबरपासून आहे. बोटांचे ठसे झिजलेल्या शेतकऱ्याला अंगठ्याच्या मशीनपुढे तासभर बसायची गरज उरली नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाऊन, खाटेजवळ उजेड करून हे काम पाच मिनिटांत होतं.

मात्र एक चूक हमखास होते. दाखला भरताना पेन्शन कोण मंजूर करतं आणि कोण देतं असे दोन रकाने असतात. मंजुरीच्या रकान्यात संरक्षण खात्याचं 'पीसीडीए पेन्शन अलाहाबाद' आणि वाटपाच्या रकान्यात 'स्पर्श' निवडायचं. सवयीनं बँकेचं नाव निवडलं तर दाखला तयार होतो, हातात कागदही येतो, पण तो भलतीकडेच जातो आणि पुढे पेन्शन थांबते. 'आम्ही दाखला दिला होता की!' असं म्हणणारे खोटं बोलत नसतात. दाखला दिलेला असतो, फक्त चुकीच्या दारात. तो स्वीकारला गेला की नाही हे स्पर्शच्या खात्यात दिसतं, तिथे एकदा बघावं.

आणि ओटीपी. 'स्पर्श कार्यालयातून बोलतोय, पेन्शन बंद होईल, नंबर सांगा' असे फोन येतात. हे फोन फसवे असतात. पेन्शनचं कुठलंही कार्यालय फोन करून ओटीपी मागत नाही. घरातल्या पोराबाळांनी आजोबांना हे पुन्हा पुन्हा सांगावं, कारण हुकूम ऐकायची सवय लागलेला माणूस फोनवरच्या करड्या आवाजालाही 'जी साहब' म्हणून मोकळा होतो.

ज्यांना पेन्शनच नाही

गावाला वाटतं, फौजेतून आला म्हणजे पेन्शन असणारच. तसं नाही. जवानाला पेन्शन लागू व्हायला साधारण 15 वर्षांची सेवा लागते. त्याआधी घरच्या अडचणीनं किंवा इतर कारणानं नाव कापून आलेले बरेच जण आहेत. यातल्या काहींनी 1965 पाहिलं, 1971 पाहिलं, आणि नंतर आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबले. विनापेन्शन म्हणून काही जण संघटनेच्या बैठकीलाही येत नाहीत, संकोचतात. खरं तर संघटनेची सगळ्यात जास्त गरज यांनाच.

65 वर्षांपुढचे, पेन्शन नसलेले, हवालदार पदापर्यंतचे माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची हलाखीतल्यांसाठीची मदत आहे. ती महिना 4 हजार होती. 1 नोव्हेंबर 2025 पासून आलेल्या अर्जांना महिना 8 हजार असा दर झाला आहे, आणि ती आयुष्यभर मिळते. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणाची मदत एका मुलामागे महिना 1 हजारावरून 2 हजार झाली, दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत. मुलीच्या लग्नासाठीची मदत 50 हजारांवरून 1 लाख झाली, तीही दोन मुलींपर्यंत, आणि विधवेच्या पुनर्विवाहालाही ती लागू आहे.

अर्ज ऑनलाइन होतो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तपासला जातो, तिथून पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे आणि मग दिल्लीला. वाटेत एखादा कागद कमी पडला तर अर्ज अडकतो. अडकलाय हे अर्जदाराला कळवलेलं असतं, पण ते मोबाइलवरच्या मेसेजमध्ये, आणि मोबाइल नातवाकडे असतो. संघटनेनं असे अर्ज वहीत लिहून ठेवून महिन्यातून एकदा तपासले, तरी निम्मं काम होतं.

हा पैसा येतो कुठून? 7 डिसेंबरला शाळेत पोरांच्या शर्टाला कागदी झेंडा लावून गोळा होतो ना, तो सशस्त्र सेना ध्वजदिन निधी. 1949 पासून तो गोळा होतो आणि वरच्या मदती त्यातूनच दिल्या जातात. शाळेत दिलेले दहा रुपये फिरून आपल्याच गावच्या एखाद्या म्हातारीच्या खात्यात येऊ शकतात. अट एकच, तिचा अर्ज कुणीतरी भरायला हवा.

घरपट्टीचंही तसंच. माजी सैनिक आणि सैनिक विधवांना राज्य सरकारनं एका घराची घरपट्टी माफ केली आहे. पण ती आपोआप माफ होत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो. काही ठिकाणी ग्रामपंचायतीलाच या निर्णयाची कल्पना नसते, तेव्हा शासन निर्णयाची झेरॉक्स टेबलावर ठेवायला संघटनेचे चार जण सोबत गेले तर बोलणं लवकर मिटतं.

दवाखान्याची सोय म्हणजे ईसीएचएस. ही योजना 1 एप्रिल 2003 पासून आहे आणि ती पेन्शनदारांसाठी आहे. हवालदार पदापर्यंत एकदाच 30 हजार रुपये भरावे लागतात. युद्धविधवांना आणि 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना तेही माफ. कार्ड काढलं नाही आणि ऐन हार्ट अटॅकच्या वेळी खासगी दवाखान्यात लाखांचं बिल झालं, अशी घरं गावोगावी सापडतील. कार्ड आजारपणात काढायची गोष्ट नाही, आधीच काढून ठेवायची आहे.

पहाटेचं मैदान

संघटनेचं एक काम मात्र गावाला दिसतं, निदान लवकर उठणाऱ्याला. पहाटे पाचला शाळेच्या मैदानावर किंवा कॅनॉलच्या रस्त्यावर पोरं पळत असतात आणि शिट्टी घेऊन एखादा निवृत्त उस्ताद उभा असतो. भरतीत 1600 मीटर धावणं असतं. साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण 60 गुण. पुल-अप दहा मारले तर 40. त्याशिवाय 9 फुटी खड्ड्यावरून उडी आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं. अनेक ठिकाणी हे मेजर लोक फी घेत नाहीत, किंवा दोर आणि बीमपुरते पैसे घेतात.

पण मैदान आता पुरत नाही. 2023 पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि ती पास झालेल्यांनाच मैदान, असा क्रम झाला. नुसता पळणारा पोरगा गणितात आणि सामान्य ज्ञानात मागे पडतो. जिथे संघटनेनं शाळेतल्या गुरुजींना सोबत घेऊन संध्याकाळचा तास सुरू केला, तिथे पोरांना निदान पहिली पायरी तरी ओलांडता येते.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. 2022 पासून जवानाच्या पदावरची भरती 'अग्निवीर' म्हणून होते. चार वर्षं सेवा, त्यानंतर तुकडीतल्या जास्तीत जास्त 25 टक्के जणांना कायम करणार, बाकीचे घरी. घरी येताना सेवानिधीचे सुमारे 10 लाख 4 हजार आणि त्यावरचं व्याज मिळतं. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही, कँटीन नाही. नियमानं त्यांना 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही. सेवेत असताना मृत्यू आला तर 48 लाखांचा विमा आहे, पण बायकोला महिन्याची फॅमिली पेन्शन नाही.

पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झालं, म्हणजे 2026 च्या शेवटापासून ही पोरं चार वर्षं पूर्ण करून परतू लागतील. वय विशीतलं, अंगात शिस्त, खात्यात रक्कम, आणि पुढे काय हा प्रश्न. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी जागा राखीव ठेवल्या आहेत. पण राज्य सेवेतल्या क आणि ड गटाच्या पदांत माजी सैनिकांसाठी जे 15 टक्के समांतर आरक्षण आहे, ते 'माजी सैनिक' या दर्जावर मिळतं, आणि हा दर्जा अग्निवीराला नाही. पोराला मैदानावर पळवणाऱ्या उस्तादानं त्याच्या आईबापाला हा सगळा हिशोब आधीच सांगायला हवा. काही जण सांगतात. काही जण भरतीचा आकडा वाढवण्याच्या नादात गप्प राहतात, आणि ते बरोबर नाही.

गावच्या संघटनेपुढेही प्रश्न आहे. सरकारी व्याख्येत न बसणारा हा पोरगा आपल्या रजिस्टरमध्ये घ्यायचा की नाही? सरकारी कार्यालयाला नियम पाळावा लागतो. गावच्या संघटनेची घटना मात्र तिच्या सभासदांच्याच हातात असते, आणि चार वर्षं सीमेवर काढून आलेल्याला सतरंजीवर जागा द्यायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

घरातलं युद्ध

वीरमरण आलेल्या जवानाच्या घरी पहिले दहा दिवस नेते, अधिकारी, कॅमेरे असतात. अकराव्या दिवसापासून घरात दोन बायका उरतात, वीरपत्नी आणि वीरमाता. एकीचा नवरा गेलेला, दुसरीचा मुलगा. पेन्शन नियमानं पत्नीला मिळते. सासरा-सासूला वाटतं, पोर आमचं आणि पैसा सुनेकडे. सून तरुण असेल तर ती माहेरी जाईल, दुसरं लग्न करेल ही भीती. तिला वाटतं, लेकराच्या शिक्षणाचा पैसा दिराच्या ट्रॅक्टरला जाईल. दोघांचंही अगदी चूक नसतं.

इथे गावच्या पंचांपेक्षा माजी सैनिकांचा शब्द जास्त चालतो, कारण ते दोन्हीकडच्या दुःखात उभे राहिलेले असतात. समजूतदार माणसं आधी मुलांच्या नावची रक्कम बाजूला काढून मुदत ठेवीत टाकायला लावतात, मग उरलेल्याचं बोलणं करतात. सुनेनं सही करण्याआधी कागद तिला वाचून दाखवतात. मात्र 'घराण्याची अब्रू' म्हणून सुनेला गप्प बसवणारी मध्यस्थीही होते, आणि ती करणारे फौजेतूनच आलेले असतात.

संघटनांचे दोषही झाकायचं कारण नाही. एका तालुक्यात दोन-दोन, तीन-तीन संघटना, प्रत्येकाचा अध्यक्ष वेगळा, प्रत्येकाचं लेटरहेड वेगळं. निवडणूक आली की फेटे बांधून कुणाच्या तरी स्टेजवर. वीरपत्नीला सत्काराची साडी मिळते, कार्यकारिणीत जागा मिळत नाही. पेन्शनच्या फरकावर टक्केवारी मागणारे दलालही कधी कधी संघटनेचंच नाव सांगून फिरतात. म्हणून हे लक्षात ठेवावं : जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सल्ल्याला किंवा अर्ज पुढे पाठवायला टक्केवारी द्यावी लागत नाही. तिथले कल्याण संघटक तालुक्याला दौऱ्यावर येतात, तारीख फोन करून विचारता येते. प्रतिज्ञापत्राचा, नोटरीचा आणि सेवा केंद्राचा ठरलेला खर्च सोडला, तर 'काम करून देतो, इतके द्या' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

संघटनेकडे किंवा कार्यालयात जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, माजी सैनिकाचं ओळखपत्र, नवरा-बायको दोघांचे आधार आणि पॅन, पासबुक, लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले, सगळं मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स घेऊन जावं. स्पर्शला जोडलेला मोबाइल ज्याच्याकडे असेल त्यालाही सोबत घ्यावं, कारण ओटीपी त्याच्यावर येतो. आणि मेजर, बायकोलाही बरोबर न्या. तिचं नाव काय लिहायचं ते तिलाच विचारा.